वेस्नॉथमध्ये लढताना आणि भूमिका निभावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा संगणकावरचा लढाईचा खेळ नव्याने सुरू केलेल्यांना आणि मोहिमेत चार-पाच प्रसंगांनंतर, म्हणजे चार-पाच डावांनंतर, अडकलेल्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. युनिटांचे, म्हणजे लढवय्यांचे, आकडे पहिल्या लेव्हलचे आहेत. आवृत्ती बदलली की एखादा आकडा इकडेतिकडे होतो, त्यामुळे शंका आली तर खेळातलंच हेल्पचं पान उघडून बघा.

हा खेळ नेमका कसला आहे? पैसे पडतात का?

पडत नाहीत. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा मुक्त-स्रोत खेळ आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, आणि जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतो. षटकोनी घरांचा नकाशा, एका घरात एकच युनिट, आणि आळीपाळीने चाली. एका बाजूच्या सगळ्या युनिटांच्या चाली झाल्या की दुसरी बाजू. तुमचा लीडर मेला की बहुतेक प्रसंगांत तिथेच हार.

मी 'सिव्हिलायझेशन' हा साम्राज्य उभारायचा खेळ खेळत आलोय. इथे शहरं कुठे आहेत?

नाहीत. शास्त्रं शिकायची नाहीत, इमारती बांधायच्या नाहीत, तह करायचे नाहीत. लीडर किल्ल्याच्या मुख्य घरात उभा असेल तर भोवतालच्या किल्ल्याच्या घरांत भरती करता येते. गावं ताब्यात घ्यायची, सोनं मिळवायचं आणि लढायचं, एवढंच. त्या बदल्यात प्रत्येक युनिटाला नाव आहे, स्वभाव आहे आणि अनुभव आहे. या प्रसंगात वाचलेला भालाईत पुढच्या प्रसंगात परत बोलावता येतो. या खेळात भूमिका निभावता येते ती याच गोष्टीमुळे, आणि लढाईचं अर्धं गणितही याच गोष्टीवर उभं आहे.

सुरुवात कोणत्या मोहिमेने करावी?

ट्यूटोरियल करा, मग 'द साउथ गार्ड' किंवा 'अ टेल ऑफ टू ब्रदर्स'. दुसरी तर चारच प्रसंगांची आहे, एका रविवारी संपते. 'एअर टु द थ्रोन' ही खेळाची सगळ्यात जुनी आणि गाजलेली मोहीम. एल्फांनी वाढवलेला कोनराड, त्याचा गुरू डेल्फाडोर, आणि गादीचा वाद. पण ती वीसहून जास्त प्रसंगांची आहे. सुरुवातीला केलेल्या चुकांचं व्याज शेवटी भरावं लागतं, म्हणून ती तिसरी घ्या.

दिवस आणि रात्र, एवढा काय फरक पडतो?

नवीन खेळाडू हरतो तो बहुतेक वेळा इथेच, त्यामुळे हे नीट बघू.

एका दिवसाच्या सहा टर्न: पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर. पहाट आणि संध्याकाळ सगळ्यांना सारखी. सकाळ-दुपारी 'लॉफुल' युनिटं २५ टक्के जास्त मारतात आणि 'केऑटिक' २५ टक्के कमी. रात्री याच्या उलट. माणसांची शिस्तबद्ध फौज लॉफुल. ऑर्क, चोर आणि मुडदे केऑटिक. एल्फ आणि बुटके बहुतेक न्यूट्रल. गुहेत कायम रात्र.

२५ टक्के ऐकायला कमी वाटतात. आता भालाईत आणि ऑर्कांचा ग्रंट समोरासमोर उभे करा. भालाइताचे ७ चे तीन वार, ग्रंटचे ९ चे दोन. दिवसा भालाइताचा वार ९ होतो आणि ग्रंटचा ७. म्हणजे जास्तीत जास्त २७ विरुद्ध १४. रात्री भालाईत ५ वर येतो आणि ग्रंट ११ वर: १५ विरुद्ध २२. माणसं तीच, जागा तीच, सहा तासांत पारडं फिरलं. आणि ग्रंट १२ सोन्यात येतो, भालाईत १४ मध्ये. रात्री लढायला उभे राहिलात तर महाग माणूस स्वस्तात विकताय.

म्हणून लॉफुल फौजेचं वेळापत्रक असं ठेवा: पहाटे पुढे सरका, सकाळ-दुपार मारा, संध्याकाळी थांबा किंवा मागे या, रात्री चांगल्या जमिनीवर टिकून राहा. संध्याकाळच्या टर्नला अजून एक गाव हाताशी दिसतं आणि मोह होतो. तो मोह आवरता आला की अर्धा खेळ आला.

नदी असेल तर रात्रसुद्धा खेचून नेता येते. उथळ पाण्यात उभ्या असलेल्या ग्रंटचा बचाव फक्त २० टक्के, म्हणजे तुमचा वार लागण्याची शक्यता ८० टक्के. संध्याकाळी काठाला लागून अशी रांग लावा की तुमच्यापर्यंत यायला त्याला पाण्यातच उभं राहावं लागेल. रात्री त्याने हल्ला केला, तुम्ही साध्या गवतावर आहात, तरी त्याच्या वारांचं सरासरी नुकसान १३ आणि तुमच्या उलट वारांचं १२. रात्रीचा फायदा पाण्यात वाहून गेला. पुढे सकाळ उगवली आणि तो अजून पाण्यातच असेल, तर एका भालाइताची सरासरी २१-२२ येते. दोघांनी मिळून ३८ हिट पॉइंटांचा (शून्य झाले की मेला) ग्रंट बहुतेकदा खाली बसतो.

माझे वार चुकतातच चुकतात. खेळ लबाडी करतो का?

करत नाही. वार लागणार की नाही हे मारणाऱ्याच्या कौशल्यावर नसून मार खाणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. साध्या माणसाचा बचाव गवतावर ४० टक्के, जंगलात आणि टेकडीवर ५०, डोंगरावर, गावात आणि किल्ल्यात ६०, वाळूत ३०, दलदलीत आणि उथळ पाण्यात २०. एल्फ जंगलात आणि बुटका डोंगरात याहून पुढे जातो. घोडेस्वाराला गावाचा काही फायदा नाही, तिथेही ४० टक्केच.

समोरचा ६० टक्क्यांच्या घरात असेल आणि तुमचे तीन वार असतील, तर एकही न लागण्याची शक्यता २१.६ टक्के. पाचातून एकदा तुम्ही हात हलवत परत येणार. तिन्ही लागण्याची शक्यता जेमतेम ६.४ टक्के. अशा हल्ल्यावर बेत आखायचा आणि मग नशिबाला शिव्या द्यायच्या, हे गणित शत्रूचं नाही, आपलंच आहे.

जादूगाराचं वेगळं. जादूचा वार जमीन कोणतीही असो, ७० टक्के लागतो. त्याच्या तीन वारांपैकी किमान दोन लागण्याची शक्यता ७८.४ टक्के आणि एकही न लागण्याची २.७. गावात ठाण मांडून बसलेल्या शत्रूला हलवायला २० सोन्याचा जादूगार महाग वाटतो, पण तीन भालाइतांपेक्षा तोच स्वस्त पडतो. फक्त त्याला उघड्यावर रात्र काढायला लावू नका. २४ हिट पॉइंट म्हणजे काहीच नाही.

हल्ल्याच्या खिडकीत 'डॅमेज कॅल्क्युलेशन्स' असं बटण आहे. दाबलं की दोघांच्या मरणाची शक्यता टक्क्यांत दिसते. हल्ला करण्याआधी ते दाबायची सवय लावून घ्या. 'मला वाटलं मरेल' हे वाक्य तिथे चालत नाही.

शत्रू आमच्या रांगेच्या फटीतून आत शिरतो. कसा अडवायचा?

पहिल्या लेव्हलपासून पुढच्या प्रत्येक युनिटाचा भोवतालच्या सहा घरांवर धाक असतो. या धाकाच्या घरात पाऊल टाकलं की त्या टर्नची चाल तिथेच संपते. त्यामुळे खांद्याला खांदा लावून भिंत उभी करायची गरज नाही. दोन युनिटांमध्ये दोन घरांची फट असली तरी शत्रू एका टर्नमध्ये आरपार जाऊ शकत नाही. तीन घरांची फट ठेवली की मधल्या घरातून निघून जातो.

अपवाद लक्षात ठेवा. 'स्कर्मिशर' युनिटांना धाक लागू होत नाही. आणि शून्य लेव्हलच्या युनिटांचा, म्हणजे शेतकरी, गॉब्लिन किंवा वॉकिंग कॉर्प्स यांचा, धाकच नसतो. शेतकऱ्यांची रांग लावून लीडर मागे ठेवला आणि सकाळी लीडर गेलेला, ही तक्रार नेहमीची आहे.

हाच नियम उलटाही वापरा. पळणाऱ्या शत्रूच्या एका बाजूला एक आणि बरोबर विरुद्ध बाजूला दुसरं युनिट लावलं की तो एका घरापलीकडे सरकू शकत नाही.

घोडेस्वार पहिल्याच हल्ल्यात मेला. असं का?

कारण तो बहुधा भालाइतावर सोडला. हॉर्समनच्या 'चार्ज'मुळे हल्ला करताना दोन्ही बाजूंचं नुकसान दुप्पट होतं, दोन्ही बाजूंचं. त्यात घोड्यावर टोकदार शस्त्र २० टक्के जास्त चालतं. भालाइताचा ७ चा वार असा १७ वर जातो, तीन लागले की ५१, आणि घोडेस्वाराकडे ३८ हिट पॉइंट. वर भालाइताला 'फर्स्ट स्ट्राइक' आहे, म्हणजे हल्ला तुमचा असला तरी पहिला वार त्याचा.

घोडेस्वार कुणावर सोडायचा? ज्याच्याकडे जवळच्या लढाईचं शस्त्रच नाही त्याच्यावर. मुडद्यांच्या फौजेतला डार्क अडेप्ट हे ठरलेलं गिऱ्हाईक: तो उलट वार करूच शकत नाही. दिवसा दोन वार लागले की डार्क अडेप्ट संपला. जखमी धनुर्धाऱ्यांवरही ठीक. सांगाड्यावर मात्र कधीही नाही. टोकदार शस्त्राचा त्याच्यावर ६० टक्के परिणामच होत नाही. सांगाड्यांना गदा आणि आग लागते, म्हणजे हेवी इन्फंट्री आणि जादूगार.

सोनं पुरत नाही. कुठे जातं?

पगारात. दर टर्नला २ सोनं मूळचं, आणि मोहिमेत साधारणपणे गावामागे १. प्रत्येक युनिट आपल्या लेव्हलइतकं सोनं खातं, पण प्रत्येक गाव एका लेव्हलचा खर्च फुकट उचलतं. आठ गावं आणि पहिल्या लेव्हलची दहा युनिटं असतील तर आवक १०, पगार १० वजा ८ म्हणजे २, हातात ८. त्याच दहापैकी सहा दुसऱ्या लेव्हलची झाली की पगार ८ वर जातो आणि हातात २ उरतात. जिंकत असतानाच खजिना आटतो तो असा.

एक गाव गमावलं की आवकेतून १ गेलं आणि फुकटातला एक पगार अंगावर आला. ते शत्रूने घेतलं असेल तर त्याचं तेवढंच वाढलं. म्हणून मागच्या गावांवर शत्रूचा एक लांडगेस्वार फिरत असेल तर 'एकटाच तर आहे' म्हणून सोडून देऊ नका.

'लॉयल' युनिटांना आणि लीडरला पगार नाही. आणि जुनं युनिट परत बोलावायचे २० सोनं, मग ते पहिल्या लेव्हलचं असो की तिसऱ्या. सांगायचं ते या ओळीत आलं: पहिल्या लेव्हलचा माणूस २० ला बोलावण्यात अर्थ नाही, नवीन १४ ला मिळतो. तिसऱ्या लेव्हलचा २० ला मिळणं म्हणजे लॉटरी, फक्त त्याचा दर टर्नचा ३ पगार लक्षात ठेवा.

शेवटचा वार कुणाला द्यावा?

ज्याला त्याचा उपयोग आहे त्याला. नुसती झटापट झाली तर समोरच्याच्या लेव्हलइतका अनुभव मिळतो. मारलं तर लेव्हलच्या आठपट. म्हणजे पहिल्या लेव्हलच्या शत्रूला मारण्याचे ८, दुसऱ्याचे १६. शून्य लेव्हलचे ४. भालाइताला वर जायला ४२ च्या आसपास लागतात, 'इंटेलिजंट' असेल तर २० टक्के कमी.

हुकमी पद्धत अशी. दणकट, आधीच वर गेलेल्या युनिटाने शत्रूला अर्धमेला करायचा आणि मागून कोवळ्याने संपवायचा. मोहिमेत जखमा बऱ्या करणारा सगळ्यात आधी वर न्या. एल्फांची शमान जवळच्यांना दर टर्न ४ भरून देते, व्हाइट मेज ८. बाकी सगळी फौज दुप्पट टिकते ती त्यांच्यामुळे.

लेव्हल वाढली की सगळे हिट पॉइंट भरून येतात. चहूबाजूंनी घेरलेलं, ५ हिट पॉइंटवर आलेलं युनिट लेव्हल वाढायला एका झटापटीवर असेल तर त्याला मागे घेऊ नका, लढू द्या. शत्रूच्याच टर्नमध्ये ते ताजंतवानं होऊन उभं राहतं.

विषबाधा झालेल्यांचं काय करायचं?

विष दर टर्न ८ घेतं, पण एकटं मारत नाही, १ वर आणून सोडतं. गावात नेलं की पहिल्या टर्नला विष उतरतं आणि भरपाई पुढच्या टर्नपासून, ८ च्या हिशेबाने. न हलता बसलं की वर २ मिळतात. ऑर्कांचे मारेकरी समोर असतील तर गावात आधीच एकेक युनिट बसवून ठेवू नका, जागा मोकळी ठेवा.

संगणकाच्या बाजूची खोड काय?

अधीर असते. जखमी, एकटं किंवा पुढे राहिलेलं युनिट दिसलं की त्यावर तुटून पडते, आणि रात्र-दिवस फारसं बघत नाही. गावांच्या मागे विखुरते. तिचा लीडर जवळचं सावज दिसलं तर किल्ला सोडून बाहेरही येतो. म्हणून एक धडधाकट युनिट ६० टक्क्यांच्या गावात पुढे ठेवा, सगळे त्याच्याभोवती गोळा होतात, आणि मग सकाळी बाजूंनी घ्या. माणसासमोर हा डाव एकदाच चालतो.

सेव्ह-लोड करणं फसवणूक आहे का?

एकट्याने खेळताना तुमचं तुम्ही ठरवा. पण एक गोष्ट सांगायला हवी: प्रत्येक वाईट हल्ल्यानंतर लोड करणारा खेळाडू वाईट डाव सावरायला कधीच शिकत नाही, आणि पुढच्या प्रसंगांत फक्त नशीबवान युनिटं घेऊन जातो. मधला मार्ग म्हणजे प्रसंगाच्या सुरुवातीच्या सेव्हवरच परत जायचं, मधल्या टर्नवर नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत मोहीम सुरू करताना फाशांचा चढउतार कमी करणारा पर्यायही निवडता येतो. लोड करत बसण्यापेक्षा तो बरा.

भूमिका निभावणं म्हणजे नेमकं काय करायचं? हे तर लढाईचंच आहे सगळं.

मोहिमेत तुमचा लीडर कोण, त्याचा हेतू काय, हे कथेनेच सांगितलेलं असतं. भूमिका निभावणं म्हणजे त्याला शोभेल तसा सेनापती होणं, जरी ते गणितात थोडं महाग पडलं तरी. त्यासाठी चार-दोन नियम स्वतःवर घालून घ्यावे लागतात, आणि ते आधी घालावे लागतात. डावाच्या मध्यात सुचलेला नियम हा बहुधा सबबच असते.

चालणारे नियम असे. मेलेल्याला लोड करून परत आणायचं नाही. लीडरने प्रत्येक दिवसाच्या लढाईत निदान एकदा स्वतः हात चालवायचा. 'लॉयल' साथीदाराला जाणूनबुजून बळी द्यायचा नाही. आणि परत बोलावण्याच्या यादीतल्या माणसाला केवळ जागा करायला काढून टाकायचं नाही.

युनिटांना नावं खेळच देतो, पण नाव बदलण्याची सोय आहे. पहिल्या प्रसंगात जे तीन-चार जण टिकले, त्यांना नाव द्या. स्वभावाकडे बघा: 'स्ट्राँग' जास्त जोरात मारतो, 'क्विक' एक घर जास्त चालतो पण थोडा नाजूक, 'रेझिलियंट' दमदार, 'इंटेलिजंट' लवकर शिकतो. क्विक भालाइताला जासूद करा, रेझिलियंटला रांगेचं टोक द्या. मग भालाइताची लेव्हल वाढताना स्वोर्ड्समन, पाइकमन की जॅव्हेलिनियर हा प्रश्न येतो, तेव्हा त्याचं उत्तर त्या माणसाच्या आतापर्यंतच्या वागण्यातून सुचतं. पाच रात्री खिंड धरलेल्याला पाइकमनच करावंसं वाटतं, आणि गंमत म्हणजे लढाईच्या हिशेबातही बहुधा तेच बरोबर असतं.

लिहून ठेवायची हौस असेल तर प्रत्येक प्रसंगाचा रिप्ले जपून ठेवा. बखर लिहिताना 'कोण कधी पडला' हे आठवणीवर सोडलं की दोन प्रसंगांतच घोळ होतो.

भूमिका निभावायची म्हणून मुद्दाम वाईट चाल खेळायची का?

मुद्दाम नाही. भूमिका दोन बऱ्यापैकी चालींतून एक निवडायला वापरा. 'माझा लीडर शूर आहे' म्हणून रात्री एकट्याने तीन ग्रंटांच्या मध्ये नेऊन उभा केला, तर ते शौर्य नव्हे, मोहीम संपवण्याची तयारी आहे.

नायक सोडून दुसऱ्या बाजूने खेळता येतं का?

येतं, आणि भूमिकेची खरी मजा तिथे आहे. 'सन ऑफ द ब्लॅक आय'मध्ये तुम्ही ऑर्कांचा सरदार कापूए. माणसांनी तह मोडलेला, थंडी आणि भूक मागे लागलेली. तेच ऑर्क ज्यांना तुम्ही इतर मोहिमांत कापत आलात. रणनीतीही उलटी होते: आता रात्री हल्ला आणि दिवसा माघार.

'डिसेंट इनटू डार्कनेस' त्याहून अंगावर येते. मालिन केशार हा तरुण आपलं गाव ऑर्कांपासून वाचवायला मेलेल्यांना उठवतो आणि गावच त्याला हाकलून देतं. पुढची प्रत्येक लढाई जिंकणं म्हणजे त्याचं आणखी खाली जाणं. युनिटंही तशीच: सांगाड्यांना 'स्ट्राँग', 'क्विक' असले स्वभाव नसतात, वॉकिंग कॉर्प्स ८ सोन्याला. त्यांना नाव द्यावंसंही वाटत नाही. हे खेळाच्या नियमांतून आपोआप घडतं, संवादांतून नाही. म्हणूनच ते पटतं.

मित्रांसोबत भूमिका घेऊन खेळायचं तर कसं?

एकाच खोलीत असाल तर 'लोकल गेम' घ्या. धुकं (आपल्या युनिटांच्या टप्प्याबाहेरचा शत्रू न दिसणं) चालू ठेवलं तर प्रत्येकाची टर्न सुरू होताना आधी 'आता अमक्याची टर्न' अशी सूचना येते, तोवर दुसऱ्याला नकाशा दिसत नाही. लांब असाल तर सर्व्हरवर. सगळ्यांची आवृत्ती एकच हवी, १.१६ वाला आणि १.१८ वाला एका डावात बसत नाहीत. पहिला अर्धा तास याच गोंधळात जातो.

चौघांपेक्षा जास्त घेऊ नका. प्रत्येक टर्नला थांबण्याचा वेळ वाढत जातो आणि भूमिका विरून मोबाइल बाहेर येतात. टायमर लावा, पण सैल: संवाद लिहायला वेळ लागतो. अनेक खेळाडूंच्या डावात अनुभवाची मर्यादा मूळच्या ७० टक्क्यांवर असते, म्हणजे युनिटं लवकर वर जातात. छोट्या डावाला ते बरं, पण कथा चार-पाच बैठकी चालवायची असेल तर १०० टक्के करा, नाहीतर दुसऱ्याच बैठकीत सगळे वीर होऊन बसतात.

तह खेळात नाही, पण संघ ठरवता येतात. तह बोलून करा आणि लिहा: कोणती गावं कुणाची, किती टर्न, मोडायचा तर किती टर्न आधी सांगायचं. शेवटचा मुद्दा सोडला की भांडण ठरलेलं. दगाबाजी चालेल असं ठरलं असेल तर तेही आधीच बोलून घ्या, म्हणजे राग राजाचा राजावर राहतो, माणसाचा माणसावर जात नाही.

एकजण मध्येच उठून गेला तर?

यजमानाला पर्याय दिसतात: ती बाजू संगणकाला द्यायची, दुसऱ्या कुणी चालवायची, की सेव्ह करून थांबायचं. कथा चालू असेल तर सेव्ह करा. संगणकाच्या हाती दिलेला राजा दोन टर्नमध्ये आपली सगळी फौज पाण्यात उतरवून बसतो.

पावनखिंडीसारखा स्वतःचा प्रसंग बनवता येईल का?

येईल. नकाशासाठी एडिटर खेळातच आहे आणि प्रसंगाचे नियम डब्ल्यूएमएल या साध्या मजकुरी भाषेत लिहितात. पावनखिंड निवडणं शहाणपणाचंही आहे, कारण घोडखिंडीतली ती जुलै १६६० ची लढाई या खेळाच्या नियमांना नेमकी सोसते: अरुंद वाट, थोडे लोक, आणि जिंकायचं नाही तर वेळ काढायचा.

खिंड दोन घरं रुंद ठेवा, दोन्हीकडे डोंगर. साध्या घोडेस्वाराला डोंगराच्या घरात जाताच येत नाही, त्यामुळे वेढ्यातून मागे लागलेलं घोडदळ आपोआप वाटेवर अडकतं. मावळ्यांसाठी बुटक्या फायटरचे आकडे उसने घ्या आणि चित्र व नाव बदला: टेकडीवर ६० टक्के बचाव, डोंगरावर ७०. एल्फ घेऊ नका, सह्याद्रीत ते शोभत नाहीत आणि टेकडीवर तेवढे टिकतही नाहीत.

मावळ्यांना किल्ला आणि भरती देऊ नका. आठ ते दहा युनिटं, बस. शत्रूला दर टर्नला दोन-तीन नवी युनिटं येऊ द्या. पहिल्यांदा खेळून बघाल तेव्हा हमखास एक बाजू फारच जड निघेल. युनिटांची संख्या न बदलता आधी येणाऱ्या तुकड्यांमधलं अंतर बदलून बघा, तोल त्यानेच लवकर साधतो.

दिवस-रात्रीचं मूळ वेळापत्रक काढून टाका. सहा टर्नमध्ये पूर्ण दिवस संपतो आणि खिंडीतली लढाई काही तासांची. स्वतःचं, दिवसाच्याच टप्प्यांचं वेळापत्रक द्या.

सगळ्यात जास्त चुकतं ते हार-जितीच्या अटीत. बाजीप्रभूंना लीडर केलंत तर ते पडले की डाव हरला, आणि इतिहास तर नेमका उलट आहे. म्हणून पराभवाची अट 'एकही युनिट न उरणे' अशी करा, आणि त्यासोबत 'शत्रूची ठरावीक युनिटं नकाशाच्या विशाळगडाकडच्या कडेला पोचणे' ही दुसरी. जिंकण्यासाठी ठरलेल्या टर्नला तोफांचा आवाज आणि संवाद. बाजीप्रभू पडले तर काय, यासाठी युनिटाच्या शेवटच्या श्वासाची वेगळी घटना लिहिता येते. तिथे एक वाक्य पुरे. भाषण घातलं की पोरं एंटर दाबत सुटतात.

मजकूर यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, नाहीतर देवनागरीचा चुथडा होतो.

मोहिमेत दहाव्या प्रसंगाला पोचलो, हातात १०० सोनं आणि एकही वर गेलेलं युनिट नाही. आता?

आधी हाच प्रसंग दोनदा प्रामाणिकपणे खेळून बघा: पहिल्या टर्नला सगळं सोनं भरतीत घाला, रात्री मागे राहा, दिवसा मारा. तरीही चौथ्या-पाचव्या टर्नला रांग मोडत असेल तर प्रसंग कठीण नाही, तुम्ही येताना रिकाम्या हाताने आलात. प्रत्येक प्रसंगाच्या सुरुवातीचा सेव्ह आपोआप राहिलेला असतो. दोन किंवा तीन प्रसंग मागे जा, जिथे शत्रू थोडा आणि टर्न भरपूर होत्या असा प्रसंग निवडा. तिथे शत्रूचा लीडर घाईने मारू नका. त्याची भरती होऊ द्या आणि जखमा बऱ्या करणारी दोन युनिटं आणि एक जादूगार वर न्या. मात्र शेवटच्या टर्नपर्यंत रेंगाळू नका. लवकर संपवल्याचं सोनं बहुतेक मोहिमांत पुढे मिळतं, आणि किती ते प्रसंगाच्या उद्दिष्टांच्या खिडकीत लिहिलेलं असतं.